खेकड्याचे तीन पाय आणि आल्याचा तुकडा

आमच्या क्वेमोई वहिनींची जीभ तिखट, पण पाटावर जीव. तैवानात, मियाओलीच्या डोंगरातला, शेताला पाणी आणणारा आमचा पाट मातीचा. पाटाचा बांध आधी नवरा लिंपायचा; तो गेल्यावर दर हिवाळ्यात त्या स्वतः लिंपतात. बिळं करून राहणारा केशरी पायांचा खेकडा याच बांधात. आणि इथेच सिमेंट ओतायचं पाटबंधारे खात्याने ठरवलं!

"असा खेकडा दुसरीकडे कुठे नाही," वहिनी गावच्या बैठकीत म्हणाल्या.

लोक फिदीफिदी हसले. खात्याचे साहेब म्हणाले, "वेगळा असल्याचा पुरावा आणा, सिमेंट थांबवतो. महिनाअखेर ट्रक येतील."

मग तैपेईहून संशोधक फान बाई आल्या. पायातला डीएनए वाचून खेकड्याची जात ओळखतात म्हणे. पाय जपायला कडक स्पिरिटची बाटली देऊन गेल्या. वहिनींनी तीन खेकडे धरले, एकेक पाय घेऊन सोडून दिले. तेवढ्यात बाटली निसटली, गेली पाटात! या बाईने काय करावं? पाय बरणीत घालून वर स्वयंपाकातली तांदळाची दारू ओतली. आणि वास मारू नये म्हणून आल्याचा तुकडा! रांधायच्या खेकड्याला आम्ही हेच करतो.

आठवड्याने फान बाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो काकू, त्या दारूत निम्म्याहून जास्त पाणी! डीएनए सडला असणार." थंडी पडलेली, खेकडे बिळात खोल गेलेले, नवे धरायची सोय नाही. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना.

"सडला नसेल," मी म्हणालो. "त्याच दिवशी मी ती पांचट दारू ओतून दिली. माझी ज्वारीची भरली, अठ्ठावन्न टक्क्यांची."

"भावजी! न विचारता माझ्या बरणीला हात लावलात?"

"आल्याला नाही लावला."

फान बाईंना हसू फुटलं, पण बरणी त्यांनी घाईघाईने उचलली.

ट्रक यायच्या आदल्या दुपारी फोन आला. दोन पाय वाया गेले होते. तिसऱ्याचा डीएनए वाचता आला, आणि नोंदलेल्या एकाही खेकड्याशी तो जुळत नव्हता. साहेबांनी शब्द पाळला.

वहिनी बांधावरच मटकन बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "सुटले हो, भावजी! ह्यांचा बांध राहिला." माझाही जीव भांड्यात पडला, उगाच कशाला लपवू?

मग स्वतःच्या नाही, माझ्याच बाहीला डोळे पुसून त्या उठल्या. "बसलात काय? फावडं घ्या. लिंपायचा राहिलाय."