नळीला कसला कागद

आमच्या ठासणीच्या बंदुकीची नळी तडकली तेव्हा भात पोटरीला आलं होतं आणि रानडुकरं रोज खाचरात उतरत होती. परवाना माझ्या नावावर. गावात चार इयत्ता इंग्रजी शिकलेला मी एकटाच, म्हणून कायदा मला कळतो असं गाव समजे. वाईट हे, की मीही तसंच समजे.

मळवलीचा एक साहेब विलायतेला जाताना बंगल्यावर एक सुटी नळी टाकून गेला होता. बंगल्याचा माळी, माझ्या वडिलांच्या वयाचा, ती गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. एका गाभण शेळीवर सौदा ठरला. शेळीचं दावं हातात आलं तरी तो हलेना.

"भाऊ, ह्याला कागद लागंल का? मामलेदाराला इचारायचं का?"

"आबा, कागद बंदुकीला. नळीला कसला कागद? उद्या चुलीच्या फुंकणीलाही परवाना मागाल!"

तो हसला. "तुमी शिकलेले. तुमी म्हनता तर न्हाई लागत."

परवान्यामागच्या अटी मी कधी वाचल्या नव्हत्या.

लोहार सणानंतर नळी बसवून देणार होता. तोवर खंडेनवमी आली. कोयता, कुऱ्हाड, बंदूक, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेली नवी नळी, अशी पूजा मी ओसरीवर मांडली. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मिरवायची हौस! लोणावळ्याच्या फौजदारांना मी प्रसादाला बोलावलं.

नमस्काराला वाकल्या वाकल्याच त्यांनी नळीवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. खाली नंबर होता. परवान्यात तो कुठंच नव्हता.

"सुटा भाग म्हणजेही हत्यारच. कुणाकडून घेतलीत?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी माळ्याचं नाव सांगितलं. इतक्या तत्परतेनं मी शाळेतही कधी उत्तर दिलं नव्हतं.

मला दंड झाला, बंदूक जप्त झाली. विनापरवाना हत्यार विकलं म्हणून त्याला तीन महिन्यांची सजा. त्यानं मला आधी विचारलं होतं, हे मी कोर्टात सांगायला हवं होतं. वकील म्हणाले, गप्प राहा. राहिलो.

भात डुकरांनी नेलं. तो सुटून आला तेव्हा बंगल्यावर दुसरा माळी होता. एका सकाळी जुना माळी शेळी घेऊन माझ्या दारात उभा. मागं करडू.

"सरकार म्हनतं, आपला सौदाच खोटा. मंग शेळी तुमची."

"राहू द्या, आबा."

त्यानं ती खांबाला बांधली. करडाच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "हे आमच्या दारात जन्मलं. ह्याला कागद लागंल का, भाऊ?"