लाल डोळ्यांची रांग

दौंडात कुणाचं लग्न मोडलं, तर बातमी आधी धुरपदामावशीच्या चहाच्या गाड्यावर यायची आणि मग नवरीच्या बापाला कळायची. त्यामुळं रेल्वे इंजिनावरच्या लालमहंमद फायरमनच्या पोराचे, इलाहीचे, डोळे अधू आहेत, हे इलाहीच्याही आधी मला ठाऊक झालं. गंमत म्हणजे ते अधू नव्हतेच.

साल सदुसष्ट. कारखाने नवी माणसं घेणं सोडाच, होती ती काढत होते. मॅट्रिक झालेली पोरं स्टेशनच्या कठड्यावर चिमण्यांसारखी बसलेली असत, त्यात इलाही. पिंपरीपर्यंत जाऊन 'जागा नाही' ऐकून आलेला. बाप लवकरच रिटायर होणार, म्हणजे रेल्वेची खोली सोडायची. मग जायचं कुठं? अशात कळलं, इंजिनं पुसायला क्लीनर घेणार आहेत. पण रेल्वेत अक्कल मागाहून, डोळे आधी. लांबून अक्षरं वाचायची, लोकरीच्या धाग्यांचे रंग ओळखायचे, तरच नोकरी.

झालं, पोरानं हाय खाल्ली. जेवताना एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागला.

"घास तोंडात घाल रं, कानात न्हाई," त्याची आई सुलतानबी म्हणायची; पण धास्ती तिलाही होतीच.

गाड्यावर उपायांना काय तोटा!

"कांद्याचा रस सोड डोळ्यात," धुरपदामावशी म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याला पार डोंगरावरची शेळी दिसाया लागली."

"म्हातारा तर आंधळा होऊन गेला, मावशी," कुणीतरी म्हणालं.

"शेळी दिसल्यावर गेला!"

इलाहीनं रस सोडला. कुणी मध सांगितला, तोही सोडला. तपासणीच्या पहाटे आईनं वर सुरमा भरला. उजाडलं तेव्हा डोळे डाळिंबासारखे झाले होते आणि धारा थांबत नव्हत्या.

रेल्वेच्या दवाखान्याच्या ओसरीत तो मान खाली घालून उभा राहिला. पुढं केडगावचा जयसिंग होता. त्यानं वळून पाहिलं, तर त्याचेही डोळे लाल. दोघांनी रांगेवर नजर टाकली. अर्धी रांग रुमालानं डोळे टिपत होती, जणू मयतीला आली होती. म्हणजे उपाय काही फक्त आमच्याच गाड्यावर मिळत नव्हते!

डॉक्टर बाहेर आले आणि दारातच थबकले.

"डोळ्यांची साथ आहे ही! कुणीही आत यायचं नाही. घरी जा. तपासणी रद्द."

रांग गार पडली. त्या दिवसांत एकदा रद्द झालेलं पुन्हा निघत नसे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. खरं सांगावं तर डॉक्टरला फसवायला निघालेला म्हणून नाव कटणार. गप्प बसावं तर सगळ्यांचंच गेलं. जो तो दुसऱ्याकडं बघत राहिला. डॉक्टर वळले.

"साहेब!" इलाहीचा आवाज चिरका निघाला. "साथ न्हाई. सुरमा हाय. आन् मध. आन् कांदा."

"कांदा?"

"सगळ्यांनीच घातलाय, साहेब. नापास हुईल म्हून भ्यालो व्हतो."

डॉक्टरांनी त्याची पापणी वर करून पाहिली, मग जयसिंगची पाहिली. त्यांना हसू येत होतं. पण रांगेतले चेहरे पाहून ते हसले नाहीत.

"नळावर जा सगळे. डोळे धुऊन सावलीत बसा. दुपारनंतर बोलावतो."

दुपारनंतर इलाहीनं तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. जयसिंगनंही वाचली. रांगेतल्या बहुतेकांनी वाचली. डोळे तर चांगले निघाले, पण जागा मोजक्याच होत्या. संध्याकाळी बाबूनं निवडलेली नावं पुकारली. इलाहीचं होतं, जयसिंगचं नव्हतं.

जयसिंग चपला हातात घेऊन रुळाच्या कडेनं केडगावच्या दिशेनं चालू लागला. इलाहीला त्याला हाक मारायची होती. पण हाक आत दवाखान्यात ऐकू गेली, पुन्हा कुणी बाहेर आलं आणि म्हणालं की चूक झाली, नाव तुझं नव्हतं, तर? तो भिंतीला चिकटून उभा राहिला, जयसिंग वळणाआड जाईपर्यंत.