वीस इंची तोफ धुळ्यात पोचली

मंडळी, आत्ताच धुळ्याहून पिंप्राळ्याला घरी आलोय.

आपल्या ऑनलाइन खेळात प्रत्येकाचा एक काल्पनिक देश. माझ्या देशाच्या युद्धनौकेवर वीस इंची तोफा. इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या युद्धनौकेच्या तोफासुद्धा अठरा इंचांच्या आसपास होत्या, मारा चाळीसेक किलोमीटर. "माझा गोळा पिंप्राळ्यातून थेट तुझ्या घरावर पडेल," असं मी धुळ्याच्या सुनीलला चिडवायचो. तो म्हणायचा, "आधी खान्देशात समुद्र तर आण!"

मागच्या महिन्यात मी त्याच्या जहाजावर गोळा डागला. आपला नियम असा, की आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर जहाज बुडालं. उत्तर आलं नाही. मी त्याला 'पळपुटा' म्हणत विजय जाहीर केला. तुम्ही सगळ्यांनी फटाक्यांचे इमोजी टाकलेत.

आज कामाने धुळ्यात होतो. त्याने एकदा पत्ता दिला होता, म्हणून घरी गेलो. दार त्याच्या मोठ्या बहिणीने उघडलं.

"तो गया, भाऊ. महिना व्हई गया," अक्का म्हणाली. मी पिंप्राळ्याचा, असं सांगितल्यावर तिने विचारलं, "मोठी तोफवाला तूच शेस का? तो सांगे, त्यानी तोफ आपला घरपावत पोचस."

मी तारीख विचारली. माझा गोळा सुटला, त्याच्या दोन दिवस आधीच तो वारला होता.

ती पोस्ट काढलीय. आता नियम बदलू या का? आठ दिवस उत्तर आलं नाही, तर आधी फोन करायचा.

माझ्याकडे त्याचा नंबर होता.