बैलांचा घास

आमच्या गावाहून आमगावच्या बाजाराला कुणाच्या गाडीत बसून जायचं, तर गाडीवाल्याच्या हातावर काही ठेवायचं नाही. तो रागावतो, आणि रागवायलाच हवं. तो काय भाड्याने गाडी हाकणारा आहे? पण रिकाम्या हातानेही चढायचं नाही. धानाच्या तणसाची नाहीतर हिरव्या चाऱ्याची एक पेंडी काखेत मारून आणायची आणि बैलांपुढे टाकायची. ओढतात ते, मग खायलाही त्यांनाच. मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा सासूने चूल दाखवायच्या आधी ही रीत सांगितली होती.

रीत सगळ्यांत कडक पाळायचे ते बकाराममामा. सगळ्या गावाचे मामा. त्यांची स्वतःची रेंगी होती, माणसं बसायची हलकी गाडी. कुणी पेंडीशिवाय चढलं, तर मामा त्याला उतर म्हणत नसत. कासरा हातात धरून आभाळाकडे बघत बसत. शेवटी तो माणूस ओशाळून घरी पळे आणि चारा घेऊन येई. एकदा गावात आलेल्या एका जावयाने मोठ्या ऐटीत त्यांच्या हातावर नाणं ठेवलं. मामांनी ते बैलाच्या तोंडापुढे धरलं, "नाई खात गा हा," म्हणाले आणि परत दिलं. जावईबापू पुढे कधी त्यांच्या गाडीत बसले नाहीत.

मग सन त्रेपन्न-चोपन्नच्या सुमाराला गावातल्या गुरांत बुळकांडीची साथ आली आणि मामांचे दोन्ही बैल एकापाठोपाठ एक गेले. मामांचंही वय झालं होतं. त्यांनी जमीन पुतण्याला पिकाच्या वाट्यावर बटईने दिली, रेंगी विकून टाकली. त्याच वर्षी धुरपतामामीच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून लेकीने, रुख्माने, आईला आमगावला आपल्या घरी नेलं. मामा मात्र जावयाच्या दारी राहायला तयार होईनात. ते दर बाजाराला जायचे आणि दिवसभर मामीच्या खाटेशी बसायचे. आठवड्यातला तो एक दिवस, एवढाच त्या दोघांचा संसार उरला होता.

आता गावातून बाजाराला जाणारी गाडी होती छोटेलालची. छोटेलाल माणूस सोन्यासारखा, पण सोन्याला कुठे अक्कल असते? पहिल्या बाजाराला मामा पेंडी घेऊन आले, तर याने ती बैलांपुढे टाकूच दिली नाही.

"मामा, तुमी कायले आणता? लहानपणी तुमच्या रेंगीत आमी किती बसलो! तुमी नुसते बसा."

गाडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा बसले, पेंडी मांडीवर घेऊन. पुढच्या बाजारालाही तेच झालं. छोटेलालच्या मनाच्या मोठेपणाचं गावभर कौतुक झालं.

त्यानंतर मामा गाडीकडे फिरकलेच नाहीत. तांबडं फुटायच्या आत डोक्यावर पेंडी घेऊन पायी निघायचे. बाजारात ज्याचे बैल आधी दिसतील त्यांच्यापुढे ती टाकून द्यायचे. आमची गाडी वाटेत त्यांना गाठायची.

"बसा ना, मामा," छोटेलाल म्हणायचा.

"पाय मोकळे करून राहिलो गा."

पाय कसले मोकळे! गुडघे नारळाएवढे सुजलेले. कुणाला सांगावं?

मग एका बाजाराला मामा वाटेत दिसलेच नाहीत. आमगावात रुख्मा आम्हाला शोधत आली. मागल्या वेळी बाबा दुपार कलल्यावर पोचले आणि घटकाभर बसून लंगडत परतले, म्हणाली. आज तर आलेच नाहीत. आई सकाळपासून दाराकडे बघून राहिली, घास तोंडाशी नेला की तोंड फिरवते. बोलता बोलता रुख्माने पदर डोळ्यांना लावला.

परतताना छोटेलालची बायको नंदाबाई चार बायांदेखत नवऱ्यावर कडाडली.

"तुमी मामाची पेंडी काऊन नाई घेत? घेण्याजोगा माणूसच उरला नाई का तो?"

"अवो, मी मान देऊन राहिलो, अन्..."

"मान नाई, भीक देऊन राहिले तुमी! ज्या माणसानं जन्मात कोणाले फुकट बसवलं नाई, तो फुकट बसन का?"

छोटेलाल रात्री जेवला नाही, असं नंदाबाईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. बरं झालं, मी म्हटलं.

पुढच्या बाजाराला मामा निघाले होते. गावाबाहेरच दिसले, काठी टेकत, पेंडी डोक्यावर. छोटेलालने गाडी त्यांच्या पुढ्यात आडवी घातली.

"मामा, आमगावले जाऊन राहिले का?"

"हो."

"मंग आधी बैलापुढं चारा टाका अन् चढा. फुकट नाई बसवत मी कोणाले!"

बैल गमावलेल्या म्हाताऱ्याला असं बोलायचं? मामांनी पेंडी उतरवली, सोडली, अर्धी एका बैलाला घातली, अर्धी दुसऱ्याला. दोघांच्या मानेवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवू कशाला?

"सरका ना वो बायांनो, गाडी भरूनच बसल्या तुमी तं!" म्हणत मामा चढले आणि ऐसपैस बसले.

नाला येईस्तोवर त्यांचं सुरू झालं. "आसाले वंगण नाई देल्लं का रे? किती कुरकुरते! अन् डावा बैल अंग चोरून राहिला, दिसत नाई का तुले?"

बैलांना घास घातलेल्यालाच गाडीला नावं ठेवायचा हक्क असतो. मामांनी तो आमगावपर्यंत मनसोक्त वापरला. छोटेलाल दर वेळी "हो, मामा" म्हणत होता आणि मामी वाट बघत असेल म्हणून बैलांना जरा जोरात हाकत होता.