दोन दारांमधली जागा

नर्सरीत तिला सगळे जाळीवाली म्हणत. टोमॅटोच्या रोपांवरची जाळी कुठे उसवली आहे, हे ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सांगायची. तरीही लागोपाठ दोन खेपांची रोपं पानं चुरडून पिवळी पडली.

"पांढरी माशी आत येतेय," मालक म्हणाले. "आजारी झाडाचा रस एकदा प्यायली, की मरेपर्यंत रोग वाटत फिरते. तिसरीही खेप गेली तर हे जाळीघर बंद. मग तुलाही घरी बसावं लागेल, बाई."

तिने पुन्हा सगळी जाळी चाचपली. एकही टाका सुटलेला नव्हता.

आत टांगलेले पिवळे चिकट सापळे पाणीवाल्या काकांनी उतरवले. "हे बघ, पोरी. कोपऱ्यातले कोरे आणि दाराजवळचा माश्यांनी खच्चून भरलेला. चोर भिंत फोडून नाही, दारातूनच येतोय."

"दारं तर दोन आहेत, काका. बाहेरचं लागल्याशिवाय मी आतलं उघडत नाही."

"नाही उघडत. पण बाहेरचं लावायला केवढा वेळ! कोण लाटसाहेब यायचा असतो मागून?"

बोलून गेल्यावर काकांनी जीभ चावली.

दोन वर्षं मागून धाकटी बहीण यायची, दोन्ही हातांत रोपांचे ट्रे घेऊन. "ताई, दार!" मागच्या वर्षी चार दिवसांच्या तापात ती गेली. जाळीवालीचा हात मात्र अजून चार श्वास दार उघडं धरून थांबायचा. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. स्वतःला सांगितलं नव्हतं, एवढंच.

बाहेरच्या पायरीपाशी टोमॅटोचं एक झाड होतं. धाकटीने डब्यातली फोड फेकली होती, तिथेच उगवलेलं. पानं वाटीसारखी आकसलेली. दुःखाने सुकतंय असं समजून जाळीवाली त्याला रोज तांब्याभर पाणी घालायची. आज तिने पान उलटलं. पांढरी धूळ भुर्रकन उडाली आणि दाराकडे वळली.

माश्या आणखी उडू नयेत म्हणून तिने झाडावर आधी पिशवी चढवली, तोंड बांधलं, मग उपटलं. मुळं सहज सुटली नाहीत.

तिसरी खेप हिरवीगार निघाली. दाराजवळचा सापळा जवळजवळ कोरा राहिला.

पण आता रोज बाहेरचं दार लगेच ओढून घेताना मागून स्पष्ट ऐकू येई, "ताई, दार!"

जाळीवाली वळत नसे. पाठ लावून दार दाबून धरी, पलीकडून ढकलणारा हात थकेपर्यंत. मगच आतलं उघडी.