गजाननचा रोडगा

मंडळी, उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी मी आणि माझा मित्र गजानन शपथ घ्यायला गावच्या मारोतीसमोर उभे राहिलो. पोट कमी करायला धान्य सोडायचं, तूप-खोबरं खायचं, ही त्याचीच कल्पना.

मी शपथ पाळली. मारोतीचा शिराही नाकारला. पण तूप-खोबरं बेहिशेब खाल्लं, पोट तसंच राहिलं.

आज त्याच मंदिरात पंगत होती. गजानन गव्हाचा रोडगा तुपात चुरून खात होता.

"काऊन बे, शपथ?"

"शपथ तं तू घेतली. मी नुसते हात जोडले व्हते."

देवासमोर त्यानं मला एकट्यालाच अडकवलं, हे गिळवत नाही. अशा मित्राला काय म्हणावं?

मी मारोतीरायाची माफी मागितली, एक रोडगा घेतला, वर चमचाभरच तूप, आणि गजाननपासून दूर जाऊन बसलो.