मी बॅटऱ्यांना ऊन दाखवते

बॅटरीला ऊन दाखवायचं नसतं, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. तोवर माझं घरातल्या सगळ्यांना ऊन दाखवून झालं होतं. डाळी, गाद्या, लोणच्याचं मीठ, एकदा तर नवऱ्यालाही (त्याला सर्दी झाली होती). कुणी फुगलं नाही!

माझी नात मुक्ता ड्रोन उडवते. परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून. मी चौथी पास. चार पंखे आणि भुणभुण, एवढंच मला त्यातलं कळतं. यंत्र घरी आलं तेव्हा मी म्हटलं, "गच्चीवरून उडव की. शनिवार पेठ वरून कशी दिसते बघू."

"आजी, इथे उडवायला मनाई आहे."

"आपल्याच गच्चीत?"

"गच्ची आपली, आकाश आपलं नाही."

"मग कावळ्यांनी कुणाकडे अर्ज केलाय?"

ती यंत्राचे पंखे पुसायला लागली. शिकलेली माणसं अवघड प्रश्नाला उत्तर देत नाहीत.

तर मुक्ताला पहिलं मोठं काम मिळालं. धायरीतल्या एका सोसायटीच्या छपरांची पाहणी. परवानगी रविवारी सकाळी नऊ ते अकरा, एवढीच. ते नीट झालं तर वर्षभराचं काम, नाही झालं तर दुसरा ड्रोनवाला तयारच होता. शनिवारी ती जागा बघायला निघाली आणि तीन बॅटऱ्या पिशवीत घालून कपाटात ठेवून गेली. जाताना म्हणाली, "आजी, यांना ओल लागू देऊ नकोस हं."

ओलीवर उपाय काय? ऊन!

एप्रिल महिना. गच्चीत जुन्या लुगड्यावर तूरडाळ वाळत होतीच. कडेला तिन्ही बॅटऱ्या मांडल्या. तासाभराने उलट्या केल्या (एकाच बाजूने वाळून कसं चालेल?). चार वाजता बघते, तर एक पुरीसारखी टम्म! पुरी फुगली की बाईला हुशार म्हणतात, म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, ही यंत्रात बसायची कशी? खालून वरवंटा आणला आणि तिच्यावर ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या शशीताई गुलाबांना पाणी घालायला आल्या.

"अहो, काय वाटताय?"

"वाटत नाहीये. बसवतेय."

"मग ती सुस्कारे का टाकतेय?"

खरंच, बॅटरी फुसफुसत होती. मग धूर. मग जाळ! शशीताईंनी बादली उचलली, मी लुगड्याचं टोक ओढलं, डाळ सगळ्या गच्चीभर! इतक्यात मुक्ता जिन्यातून ओरडत आली, "पाणी नको! लांब व्हा! माती कुठेय, माती?"

माती एकाच ठिकाणी होती. शशीताईंच्या गुलाबांच्या कुंड्यांत.

"त्यांना हात लावायचा नाही!" शशीताई किंचाळल्या. "कळ्या धरल्यात!"

मुक्ताने हात लांब करून तीन कुंड्या जाळावर उपड्या केल्या. कळ्यांसकट. जाळ विझला. शशीताई मात्र पेटल्या त्या पेटल्याच.

मी उरलेल्या दोन बॅटऱ्यांकडे बोट दाखवलं. "या तर धडधाकट आहेत. उद्या ने."

"आजी, दिवसभर भाजलेल्या बॅटऱ्या मी लोकांच्या डोक्यावर नाही उडवणार." एवढं बोलून ती पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरले. मला रडणारी माणसं आवडत नाहीत. पण ही माझ्यामुळे रडत होती, ही पंचाईत. तिने सोसायटीच्या चेअरमनना फोन लावला, उद्या जमणार नाही म्हणून सांगितलं. मी फोन हिसकावला.

"अहो साहेब, चूक माझी. मी बॅटऱ्या वाळत घातल्या."

तिकडून आवाज आला, "वाळत?"

"डाळीबरोबर. पण त्यातल्या दोन चांगल्या आहेत, तरी ही उडवत नाही म्हणते. तुम्हीच सांगा तिला."

"आजी, मागच्या ड्रोनवाल्याने फुगलेली बॅटरी लावली आणि यंत्र आमच्या पाण्याच्या टाकीत पाडलं. नाही म्हणणारं माणूसच आम्ही शोधतोय. तिला म्हणावं, नवी परवानगी काढ आणि पुढच्या रविवारी ये."

म्हणजे काम माझ्यामुळेच मिळालं! हे मी आठवडाभर घरात सांगत होते. कुणी दुजोरा दिला नाही.

पुढच्या रविवारी मुक्ता नव्या बॅटऱ्या घेऊन गेली. उडवण्याआधी म्हणे एक यादी तपासावी लागते. वारा बेताचा, परवानगी हातात, पंखे घट्ट, बॅटऱ्या थंडगार. सगळं बघून झाल्यावर तिने माझ्या सुनेला फोन केला, "आई, आजी कुठेय?"

"इथेच. लसूण सोलतेय."

"दोन्ही हात दिसताहेत?"

सुनेने मला दोन्ही हात वर करायला लावले. तेव्हा कुठे धायरीत ड्रोन उडाला.